सोनकी सोसायटीच्या वाफ्यात येईल का? बी कुठे मिळेल?

मुलुंडकर
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी रीडेव्हलप होऊन आता टॉवर झालाय. पोडियमच्या कडेने एक लांबलचक वाफा आहे. बिल्डरने त्यात ते नेहमीचं पिवळ्या फुलांचं, जमिनीवर पसरणारं झाड कोंबून दिलंय. हायवेच्या दुभाजकातही तेच असतं. ते काढून आपल्या सह्याद्रीतली रानफुलं लावावीत असं माझ्या डोक्यात आहे, आणि पहिला नंबर सोनकीचा. गणपतीच्या आगेमागे अख्खा डोंगर पिवळा करते, तिला ना खत लागतं ना माळी. आमच्या कमिटीला बिनखर्चाची कुठलीही गोष्ट आवडते.

प्रश्न दोन. मुंबईच्या हवेत सोनकी येईल का? आणि एका नर्सरीत मला 'सोनकी, देशी' असं लिहिलेलं बियांचं पाकीट मिळालंय, ते पेरू का? बी काळपट आहे, सुईसारखं लांब, जवळजवळ पाऊण इंच, टोकाला बारीक काटे.

रानवाटा
पेरू नका. ते सोनकीचं बी नाहीच.

सुईसारखं लांब, टोकाला काटे असलेलं बी म्हणजे पिवळा कॉसमॉस, कॉसमॉस सल्फ्यूरियस. मूळ मेक्सिकोचा. सोनकीचं बी दोन-तीन मिलिमीटरचं असतं, चिमटीत धरलं तरी जाणवत नाही. आता तुमच्या एक्स्प्रेसवेच्या कडेला जे पिवळं-केशरी दिसतं आणि लोक गाडी थांबवून 'सोनकी फुलली' म्हणून फोटो टाकतात, त्यातलं बरंचसं कॉसमॉसच असतं. फूल बघा. कॉसमॉसची पाकळी रुंद, टोकाला दातेरी, पानं शेपूसारखी चिरलेली, झाड कमरेएवढं किंवा त्याहून उंच. सोनकी गुडघ्याच्या खालीच राहते, खालची पानं रुंद आणि कडेला दातेरी, फूल रुपयाच्या नाण्याच्या आसपास.

डेक्कनक्वीन
+१. कर्जत सोडलं की खंडाळ्यापर्यंत दरवाजात उभं राहून बघायचं. बोगद्यांच्या मधल्या उतारांवर सप्टेंबरात पिवळं दिसतं ते सोनकीचं. खाली एक्स्प्रेसवेच्या कडेला दिसतं ते दुसरं. दोन्ही पिवळ्यांत फरक आहे, एकदा डोळ्यांत बसला की परत चुकत नाही. सोनकीचा पिवळा जरा लिंबाकडे जातो, कॉसमॉस हळदीवर कुंकू सांडल्यासारखा.

मुलुंडकर
बापरे, म्हणजे पाकीट कचऱ्यात. पण मग खरी सोनकी? तिचं बी?

रानवाटा
आधी ती कोण ते सांगते, मग येईल की नाही ते तुम्हीच ठरवा.

सोनकी म्हणजे सेनेसिओ प्रजातीतली. (प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या अनेक जातींचा गट.) लिनियसने १७५३ मध्ये हे नाव पक्कं केलं. सपुष्प वनस्पतींच्या सगळ्यात मोठ्या प्रजातींपैकी ही एक, हजाराहून जास्त जाती आहेत आणि अंटार्क्टिका सोडून सगळीकडे पसरलेल्या. सूर्यफुलाचं कुळ. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते फूल नसतंच, तो फुलोरा असतो, स्तबक. मधली पिवळी तबकडी म्हणजे नळीसारख्या चिमुकल्या फुलांची गर्दी, आणि कडेची एकेक पाकळी म्हणजेही एक पूर्ण फूल, फक्त त्याचा पट्टा एका बाजूला लांब वाढलेला. भिंगातून बघाच. मधल्या नळीतले परागकोश एकमेकांना चिकटून कॉलर तयार झालेली असते आणि आतून वर येणारी कुक्षिवृंत, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, पराग ढकलत बाहेर काढते, पंपाच्या दट्ट्यासारखी. स्वतःचाच पराग वर आणून ठेवायचा, मग काही वेळाने स्वतःची दोन टोकं उघडून दुसऱ्याचा घ्यायचा. एवढ्याशा जागेत केवढा बंदोबस्त.

या प्रजातीची खूण फुलाच्या खाली शोधायची. फूल उलटं करा. हिरव्या छदांची, म्हणजे फुलोऱ्याखालच्या चिमुकल्या पानांची, एकच सरळ रांग दिसेल, सगळी सारख्या उंचीची, पेल्यासारखी, आणि तळाशी दोन-चार अगदी छोटी. कॉसमॉसला छदांच्या दोन वेगवेगळ्या रांगा असतात. झेंडूला छदं जोडून पेला झालेला असतो. पिवळ्या पाकळ्या बघून ओळखायला जाल तर आयुष्यभर गोंधळाल.

आपली नेहमीची सोनकी म्हणजे सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. जुन्या पुस्तकांत सेनेसिओ ग्रॅहॅमी. शिवाय घाटात सेनेसिओ डाल्झेली, सेनेसिओ एजवर्थी वगैरे मंडळी आहेत, त्यांनाही गावाकडे सोनकीच म्हणतात. एजवर्थीच्या पानांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरट लव असते.

काळा_चहा
नाव बॉम्बेएन्सिस आणि मुंबईत येईल की नाही हीच शंका? हे तर आमच्या घराच्या किमतीसारखंच झालं. पत्ता मुंबईचा, जागा बदलापुरात.

पोस्टखाते_निवृत्त
बॉम्बे म्हणजे इथे बेट नव्हे, बॉम्बे इलाखा धरा. तेव्हाच्या वनस्पतींच्या नावांत ते सर्रास आहे.

पण ग्रॅहॅम नाव निघालं म्हणून राहवत नाही, कारण माणूस आमच्या खात्यातला. जॉन ग्रॅहॅम मुंबईत डेप्युटी पोस्टमास्टर जनरल होता. टपालाचं काम सांभाळून त्याने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी केली, ती १८३९ मध्ये छापली गेली. त्याच वर्षी तो खंडाळ्यात वारला, वय जेमतेम चौतीस. पुस्तकाचा राहिलेला भाग जोसेफ निम्मो या दुसऱ्या मुंबईकर वनस्पतिवेड्याने पुरा केला. पुढे हूकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने सोनकीला ग्रॅहॅमचं नाव दिलं, पण ते नाव आधीच दुसऱ्या एका सेनेसिओला दिलेलं निघालं. वनस्पतींच्या नावांत पहिल्याचा हक्क चालतो, त्यामुळे एन. पी. बालकृष्णन यांनी बॉम्बेएन्सिस हे नवं नाव दिलं. म्हणजे पोस्टमास्टरचं नाव गेलं आणि शहराचं आलं. मला ते अजून पटलेलं नाही, पण नियम तो नियम. आमच्याकडेही पत्त्यावर आधी कोण राहायला आलं ते बघूनच पत्र टाकायचे.

रानवाटा
@पोस्टखाते काका, छान सांगितलंत. ज्यांना या सगळ्याचे वाळवलेले नमुने बघण्यात रस असेल त्यांच्यासाठी सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम आहे. आधी विचारून जावं लागतं.

@मुलुंडकर, आता तुमचा प्रश्न. सोनकी वर्षायू आहे. जूनच्या पहिल्या पावसात उगवते, ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलते, दिवाळीपर्यंत वाळून बी उडवून मोकळी होते. तिची जागा म्हणजे घाटमाथा, पठारं, किल्ल्यांचे उतार. खडकावर वीतभर माती, चार महिने धुकं आणि भिजपाऊस, नंतर आठ महिने कडकडीत ऊन. तुमच्या पोडियमवर स्लॅबवर टाकलेली लाल माती आणि कोकोपीट, दोन टॉवरच्या मधली कोंडलेली गरम हवा, आणि माळी दादांचा रोजचा पाइप. उगवली तरी लांबट होऊन लोळेल. आणि समजा जमलीच, तरी फुलणार सहा-आठ आठवडे. बाकी वर्षभर तुमची कमिटी उघड्या मातीकडे बघून तुम्हाला प्रश्न विचारेल.

बी आणायचं तर कुठून? घाटातून ओरबाडून. तिथली बरीच जमीन वनखात्याची आहे. राष्ट्रीय उद्यानातून तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे काडीही उचलायची नाही. कास पठार बघायला माणसं कशी लोटतात ते आपण बघतोच. त्यात बी वेचणारे मिसळले तर संपलंच.

माझं मत सरळ आहे, सोनकी डोंगरावर जाऊन बघायची.

गच्चीवाली
ताई, थोडं कडक नाही का हे? माझ्या गच्चीत घाटातलं काही काही येतं. सगळंच शहराबाहेर ठेवायचं का?

रानवाटा
सगळं नाही गं. शहरात आपणहून जे उगवतंय ते तरी राहू द्या, एवढंच म्हणते. मुंबईत सोनकीचे नातेवाईक आहेत आणि आपण ते दर पंधरवड्याला गवत म्हणून कापून टाकतो.

सगळ्यात जवळची सदामंडी, एमिलिया सोंचिफोलिया. सोनकीच्याच गटातली. कंपाउंडच्या भिंतीच्या फटीत, पेव्हर ब्लॉकच्या मधे, मैदानाच्या कडेला येते. वीत-दीड वीत उंच, वरची पानं खोडाला कवळून बसलेली, टोकाला जांभळट-गुलाबी ब्रशासारखी फुलं. फूल उलटं करा, तीच एका रांगेची छदं. सहदेवीशी गल्लत होते कारण रंग सारखा. पण सहदेवीची फुलं बारीक आणि पुष्कळ, आणि छदांच्या अनेक रांगा एकावर एक.

शिवाय माका. गणपतीच्या पत्रीत आपण तो वाहतो, दादरला स्टेशनबाहेर विकत घेतो, आणि घरी आल्यावर बिल्डिंगमागच्या गटाराकाठचा माका माळ्याकडून उपटून घेतो. पाथरी आहे. भांबुर्डा आहे, थंडीत ओसाड प्लॉटवर त्याचा उग्र वास येतो. आरेच्या बाजूला ओल्या जागी गोरखमुंडी दिसायची, हल्ली कमी झाली आहे. एकदांडी तर पावलोपावली, ती बाहेरची, अमेरिकेतली, पण फुलपाखरं तिच्यावर तुटून पडतात.

काळा_चहा
इथेच मला पकडायचं होतं. एकदांडी बाहेरची चालते, कॉसमॉस बाहेरचा चालत नाही. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडूही मेक्सिकोचाच. मिरची, टोमॅटो, पेरू, बटाटा सगळं बाहेरचं. मग कॉसमॉसचं काय घोडं मारलंय? लोक आनंदाने फोटो काढतात, मधमाश्या येतात. मला तर हा 'देशी-विदेशी' प्रकार फुलांपर्यंत आलेला आवडत नाही.

रानवाटा
प्रश्न रास्त आहे. पासपोर्ट बघायचा नाही, वागणूक बघायची. झेंडू शेतात लावला तर शेतात राहतो. तो लोहगडाच्या उतारावर चढून बसल्याचं मी पाहिलेलं नाही. कॉसमॉस बसतो. एका झाडाची शेकडो बियाणं, काटे कपड्यांना, जनावरांच्या केसांना चिकटतात, आणि पावसाळ्यात तो सोनकी-तेरड्याच्या दुप्पट उंच होऊन त्यांचं ऊन खातो. घाटातल्या वर्षायू फुलांना वाढायला मिळतात जेमतेम चार महिने. त्यात डोक्यावर छत आलं तर त्या वर्षीचं बी नाही. दोन-चार वर्षं असं झालं की मातीतला साठाही संपतो.

आणि हल्ली नवीन फॅड. 'सीड बॉल' म्हणून मातीच्या गोळ्यांत मिश्र बियाणं भरून ट्रेकला जाताना फेकायचं. त्या मिश्रणात काय आहे ते फेकणाऱ्याला माहीत नसतं. तुमचं पाकीट देशी म्हणूनच विकलं गेलं ना? तसंच.

एकदांडी आता काढायचं म्हटलं तरी निघणार नाही, पण ती ठेंगणी आहे, मोकळ्या तुडवलेल्या जमिनीवर राहते, कुणाच्या डोक्यावर बसत नाही. म्हणून तिच्याबद्दल मी गप्प असते. झालं समाधान?

काळा_चहा
अर्धं. पण वागणुकीचा मुद्दा मान्य.

थेम्सकाठी
मी मूळचा गिरगावचा, गेली बरीच वर्षं इंग्लंडात. रेल्वेचा विषय निघालाय म्हणून इथली एक गोष्ट टाकतो, सोनकीच्याच प्रजातीची.

सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या उतारावर दोन सेनेसिओ वाढतात, एक वर, एक खाली, आणि मधल्या पट्ट्यात त्यांचा संकर. तो संकर अठराव्या शतकात ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात आला. तिथून सुटून शहराच्या दगडी भिंतींवर चढला. १८४४ मध्ये ऑक्सफर्डला रेल्वे आली आणि त्याचं नशीब फळफळलं. रुळांखालची खडी-कोळशाची राख त्याला ज्वालामुखीच्या राखेसारखीच वाटली असणार. गाडीच्या वाऱ्याबरोबर केसाळ बी पुढच्या स्टेशनला. करता करता अर्धा देश व्यापला. त्याला इथे ऑक्सफर्ड रॅगवर्ट म्हणतात.

पुढे आणखी गंमत. या पाहुण्याचा इथल्या ग्राउंडसेल या साध्या तणाशी, म्हणजे सेनेसिओ व्हल्गॅरिसशी संकर झाला आणि त्यातून वेल्समध्ये एक नवीनच जात तयार झाली. ती १९४८ मध्ये लोकांच्या लक्षात आली. दुसरी यॉर्कला, रेल्वे स्टेशनजवळच्या कार पार्कात, १९७९ मध्ये. जगात फक्त त्याच शहरात. तणनाशक मारून मारून ती १९९१ नंतर दिसेनाशी झाली. नशिबाने बी जपून ठेवलेलं होतं, त्यातून २०२३ मध्ये परत लावली. माणसाच्या डोळ्यांदेखत जन्मलेली जात, त्याच्याच हातून गेली आणि त्यानेच परत आणली.

कॉसमॉसच्या बाजूचा हा पुरावा समजू नका हां काळा_चहा. पण गोष्ट नेहमी काळी-पांढरी नसते एवढंच.

डेक्कनक्वीन
जबरदस्त. सेंट्रलच्या रुळांकडे आता वेगळ्या नजरेने बघणार. आमच्याकडे खडीत एकदांडी आणि ट्रॅकच्या कडेला पालक-माठाचे वाफे.

आजीचा_बटवा
सोनकीचा काढा यकृताला चांगला असं एका ग्रुपवर आलं होतं. कुणी केलाय का? प्रमाण काय घ्यावं?

पाखरवेडा
कृपया करू नका!! हे ठळक अक्षरांत लिहितोय असं समजा.

सेनेसिओ प्रजातीतल्या बऱ्याच जातींत पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची रसायनं असतात. ते यकृतात जाऊन विषारी रूप घेतात आणि यकृतातल्या बारीक शिरा बंद करतात. एका घोटाने काही होत नाही म्हणून माणूस फसतो, पण नुकसान साठत जातं. विलायतेत रॅगवर्ट, म्हणजे सोनकीच्या नात्यातलं तण, खाऊन घोडे मरतात म्हणून त्यांनी २००३ मध्ये वेगळा कायदाच केला. दक्षिण आफ्रिकेत सेनेसिओ मिसळलेल्या गव्हाचा पाव खाऊन माणसं दगावल्याची नोंद १९२० मधली आहे. १९७० च्या दशकात अफगाणिस्तानात गव्हात भुरुंडीच्या जातीचं बी मिसळून गावंच्या गावं आजारी पडली. तीच अल्कलॉइडं. 'यकृताला चांगला' म्हणून यकृत बिघडवणारी गोष्ट कशाला प्यायची? सदामंडीतही ती आहेत, रानभाजी म्हणून उत्साहाने तोडू नका.

आजीचा_बटवा
बरं झालं विचारलं. मेसेज पुढे पाठवला होता त्यांना हे कळवते.

गच्चीवाली
मग जनावरं खात नाहीत का डोंगरावर?

पाखरवेडा
चव कडवट, हिरवं दुसरं मिळत असेल तर टाळतात. घोडे मरतात ते बहुधा वाळलेल्या चाऱ्यातून, वाळल्यावर कडूपणा जातो पण विष राहतं.

उलट काही जीव मुद्दाम शोधून खातात. विलायतेतला सिनाबार पतंग रॅगवर्टवरच वाढतो. त्याची काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी ते विष अंगात साठवते, मग पक्षी तोंड लावत नाहीत. आपल्याकडे ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो या फुलपाखरांचे नर हीच अल्कलॉइडं मिळवायला खुळखुळा, भुरुंडी, ओसाडी अशा झाडांवर जमतात. वाळलेल्या, तुटलेल्या फांदीवर जास्त. सोंडेने रस चोखतात आणि त्यातून मादीला भुलवायचा गंध तयार करतात. पावसाळ्यानंतर घोडबंदरला ओवळेकर वाडीत किंवा नॅशनल पार्कात जा, एका वाळक्या खुळखुळ्यावर वीस-पंचवीस टायगर लटकलेले दिसतील, हात लावला तरी हलत नाहीत.

@मुलुंडकर, तुमच्या वाफ्यात खुळखुळा लावा. पिवळाच आहे, मुंबईचं हवामान त्याला मानवतं, शेंगा वाळल्या की पोरं खुळखुळ वाजवतात.

मुलुंडकर
हे आवडलं. म्हणजे सोनकी नाही, खुळखुळा, आणि सदामंडी-सहदेवी आपणहून येतील त्या ठेवायच्या. पण पोरांनी शेंगा तोंडात घातल्या तर?

पाखरवेडा
चांगला मुद्दा. बी विषारीच. पोडियमवर लहान मुलं खेळत असतील तर खुळखुळा नको, माझी सूचना मागे. सहदेवी, माका, एकदांडी यांच्यावर भागवा. ब्लूज आणि स्किपर ही छोटी फुलपाखरं येतात तेवढ्यावरही.

गच्चीवाली
अवांतर, पण सेनेसिओच आहे म्हणून विचारते. मी ऑनलाइन 'स्ट्रिंग ऑफ पर्ल्स' मागवलं होतं, मण्यांच्या माळेसारखं लोंबणारं. चांगलं महाग होतं. जुलैत सगळे मणी पाणी पाणी होऊन गळून पडले. काय चुकलं?

रानवाटा
मुंबईचा जुलै चुकला. ते दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातलं. आधी सेनेसिओ रॉलेयानस होतं, आता क्युरिओ नावाच्या वेगळ्या प्रजातीत टाकलंय. चांदीच्या पानांचा डस्टी मिलरही असाच सेनेसिओतून बाहेर काढला. ही प्रजाती म्हणजे पूर्वी जिथे जागा नसेल ते सगळं टाकायचं कपाट झाली होती, आता वर्गीकरणवाले एकेक कप्पा रिकामा करतायत.

प्रत्येक मणी म्हणजे एक गोल पान, त्यावर एक पारदर्शक चीर असते, तिच्यातून उजेड आत जातो. ऊन कमी झेलायचं, पाणी कमी उडवायचं आणि तरी उजेड मिळवायचा, अशी सोय. आपल्याकडे हवेतच इतकं पाणी की मुळं कुजतात. पुन्हा आणलंत तर पसरट मातीची कुंडी, निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा, आणि जूनपासून पावसाच्या झडीबाहेर, खिडकीच्या आत. पावसाळ्यात पाणी जवळजवळ बंदच. घरात मांजर असेल तर उंच टांगा.

मुलुंडकर
कमिटीशी बोललो. सेक्रेटरी म्हणाले, 'गवत वाढवायचंय हे मीटिंगच्या मिनिट्समध्ये कसं लिहू?' शेवटी 'स्थानिक वनस्पतींचा नैसर्गिक पट्टा' असं लिहिलं, मंजूर झालं. वाफ्याचा निम्मा भाग दिलाय. माळीदादांना सदामंडी आणि माका दाखवून ठेवलेत, ते म्हणाले हे तर आमच्या गावी पण आहे.

आता ते बिल्डरचं पिवळं झाड काढायचंय. रानवाटाताई, तेच वेडेलिया ना? उपटलेलं टाकायचं कुठे? मागे नाला आहे.

रानवाटा
नाल्यात अजिबात नको! वेडेलियाच, स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर आक्रमक जीवांच्या यादीत आहे तो. बियांपेक्षा पेरांवरून वाढतो, बोटभर तुकडा ओल्या मातीला टेकला की मूळ धरतो. नाल्यात टाकलात तर खाली खाडीच्या काठापर्यंत पोचवाल.

पाऊस पूर्ण थांबू द्या. ऑक्टोबर हीटमध्ये उपटा, मुळं आणि पेरं हाताने शोधून काढा, टेरेसच्या काँक्रीटवर पसरून कडकडीत वाळवा, मोडल्यावर कटकन तुटलं पाहिजे. मगच कंपोस्टला. आणि त्या वाफ्यावर पुढच्या पावसात महिनाभर दर आठवड्याला नजर टाका, राहिलेल्या पेरांना कोंब फुटतातच.

मुलुंडकर
ठीक. कोजागिरीनंतरचा रविवार ठरवतो. मुलुंड-भांडुपकडचं कुणी मदतीला येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, चहा-वडापाव सोसायटीकडून.

काळा_चहा
वडापावातला बटाटा विदेशी आहे हे नोंदवून, येतो.